सुमनताईच्या हाताची किळस

सुमनताई माझी थोरली जाऊ. शनवारा पेठेत आमचं घर आहे. खाली तिच्या नवऱ्याचं, जीवनदादांचं, मोटार वाइंडिंगचं दुकान, जळालेल्या मोटारींत तांब्याची नवी तार भरून वार्निश चढवायचं, आणि वर दोन्ही भावांचे संसार. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी तिनं मला ओट्यापाशी उभं केलं आणि म्हणाली, "रश्मी, बाकी तुला काय करायचं ते कर. पण फडकं ओलं ठेवायचं नाही. ओल्या फडक्याच्या वासानं मला मळमळतं." मला हसू आलं. ती हसत नव्हती.

तिला कशाचीही किळस यायची. पंगतीत बसली की ताटाची कड अंगठ्यानं घासून बघायची. परक्या घरी पाणी प्यायची नाही. चहा चालायचा, तो उकळलेला असतो म्हणून. कोणी सायीत बोट घातलेलं दिसलं, तर त्या माणसाच्या हातचं ती जन्मात खाणार नाही. तिचे वडील भुसावळकडचे, नोकरीसाठी नेपानगरला आले आणि कागदमिलमध्ये फिटर म्हणून राहिले. त्यांच्या कपड्यांना ग्रीसचा आणि भिजल्या लगद्याचा वास यायचा, म्हणून तिची आई ते वेगळ्या बादलीत भिजवायची. "ती बादली मी कधी हातानं उचलली नाही," ताई सांगायची. "पायानं ढकलत न्यायची."

या किळसखोर स्वभावावरच तिचा धंदा चालला होता. ती जेवणाचे डबे द्यायची. पॉवरलूमच्या कारखान्यातले हिशेबनीस, बँकेत बदलून आलेली पोरं, एकट्या राहणाऱ्या शिक्षिका, सगळ्यांना आंटीचा डबा हवा असायचा. भाजी चार पाण्यातून निघायची. पोळ्या लाटताना ती डोक्याला पंचा बांधायची आणि कोणाला स्वयंपाकघरात बोलू द्यायची नाही, थुंकी उडते म्हणून.

मग तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर होता. इंदूरला ऑपरेशन झालं, स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. पुढे केमो, मग रेडिएशनचा शेक. त्या दिवसांत तिला आजारापेक्षा स्वतःच्या उलट्यांचा जास्त राग यायचा. बादली धरायला गेलं तर ओरडायची, "तू बाहेर जा, बघू नको." पण ती त्यातून निघाली. केस परत आले, डबे परत सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, आजार गेला. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

दुसऱ्या वर्षी तिची उजव्या हातातली पाटली फिरेनाशी झाली. साबण लावला, तेल लावलं, निघेना. शेवटी जीवनदादांनी दुकानातून तांब्याची तार कापायची कात्री आणली आणि पाटली कापली. पाटलीखाली मनगटाला खोल वळ पडला होता आणि तो दिवसभर भरून आला नाही.

त्यानंतर हात वाढतच गेला. आधी पंजा, मग कोपरापर्यंत, मग दंड. ब्लाऊजची एक बाही उसवून मोठी करावी लागली. कातडी जाड झाली, संत्र्याच्या सालीसारखी. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. खांद्यापासून बोटांपर्यंत जळजळ सुरू झाली, कोणी आतून मिरची चोळल्यासारखी. पुढे तर मनगटाजवळच्या कातडीतून पाणी पाझरू लागलं. पिवळसर, चिकट. ती सुती पट्टी बांधायची, पट्टी भिजायची, ती पुन्हा बदलायची. ओल्या फडक्याचा वास जिला सोसत नव्हता, तिच्या अंगालाच चोवीस तास ओलं फडकं बांधलेलं.

गावातल्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं हाताला हातही लावला नाही. टेबलाच्या पलीकडूनच म्हणाला, "कैंसर तो गया ना? फिर? हाथ ही तो है, थोड़ा मोटा सही. अब ये तो रहेगा." आणि घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. जिना उतरताना ताई म्हणाली, "त्याचं तोंड बघितलं का? सडलेलं वांगं बघितल्यासारखं माझ्याकडे बघत होता."

मी म्हणाले, "जाऊ दे ताई."

"जाऊ कसं देऊ? मीपण तसंच बघते माझ्याकडे."

त्या उन्हाळ्यात शाहपूरला लग्न होतं. जीवनदादांची पार्वतीआत्या तिथं राहते, केळीच्या बागा आहेत त्यांच्या, तिच्याच नातीचं लग्न. मांडवामागे बाया पुऱ्या लाटत बसल्या होत्या. ताईनं हातावर लांब बाही ओढली, बोटं साबणानं धुतली आणि पोळपाट ओढून बसली. असल्या कामात तिच्या वेगाला कोणी पुरायचं नाही. आत्या पलीकडून उठून आली आणि ताईच्या समोरची कणकेची परात दोन्ही हातांनी उचलून बाजूला नेली.

"तू बस व माय खुर्चीवर," आत्या म्हणाली. "तुझ्या हातचं आता कोन्ही खाणार नाही. पाव्हण्यांनी पाहिलं तर काय म्हणतील?"

सगळ्या बायांची लाटणी थांबली. एकीनं तर ताईनं लाटलेल्या दोन पुऱ्या उचलून हळूच खाली टाकल्या, कुत्र्याला. मी ते पाहिलं. ताईनंही पाहिलं. ती उठली, खुर्चीवर जाऊन बसली, आणि जेवली नाही. पुऱ्या टाकणाऱ्या त्या बाईच्या नखांत काळं होतं, पदरानं ती नाक पुसत होती, आणि तीच पुढे तासभर पुऱ्या लाटत राहिली. त्या पुऱ्या सगळ्यांनी खाल्ल्या. मला आजही ते आठवलं की तोंड कडू होतं.

डब्यांचं पुढच्याच महिन्यात झालं. चेतन नावाचा एक मुलगा होता, लूमच्या कारखान्यात हिशेब लिहायचा, ताईचं जुनं गिऱ्हाईक. आजारी पडला तेव्हा ताईनं त्याला मुगाची पातळ खिचडी वेगळी करून पाठवली होती. तो डबा न्यायला दारात आला, तेव्हा ताईची बाही वर सरकली होती आणि पट्टी ओली होती. त्यानं डबा घेतला, "थँक यू आंटी" म्हणाला आणि जिना उतरता उतरता मागे वळून मोबाइलवर तिच्या हाताचा फोटो काढला. तो त्यानं डबा लावलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "भाई लोग, इस हाथ की रोटी खा रहे हो." त्यावर ओकणाऱ्या तोंडांच्या इमोजींची रांग.

हे आम्हाला कळलं ते त्याच ग्रुपमधल्या प्रतिभा नावाच्या शिक्षिकेनं येऊन मला दाखवलं आणि माझ्या मोबाइलवर पाठवलं म्हणून. ती बिचारी रडत होती. मी ताईला सांगणार नव्हते. पण संध्याकाळी डबे परत आले, तेच भरलेले, न उघडलेले. दुसऱ्या दिवशीही. ताईनं मला विचारलं आणि माझ्या हातातला मोबाइल ओढून घेतला. तिनं तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मोरीत गेली आणि ओकली.

"बरोबर आहे त्यांचं," तोंड पुसत ती म्हणाली. "मीसुद्धा खाल्लं नसतं."

तिनं डबे बंद केले. आता ती दिवसभर आतल्या खोलीत बसायची आणि हात उशीवर आपल्यापासून लांब ठेवायची, शेजारी दुसरंच कोणी झोपवल्यासारखा. जीवनदादा तिला काही बोलले नाहीत, पण त्या हाताकडे बघायचेही नाहीत. ताट ठेवायचे आणि नजर भिंतीकडे न्यायचे. ते तिला दिसत नव्हतं असं नाही.

अशात पार्वतीआत्या एका बुवाला घेऊन आली. नाव उखर्डू महाराज. अंगावर भगवं उपरणं, दातांत गुटख्याची लाली. त्यानं हात नुसता हुंगला आणि म्हणाला, "जहर भरलं आहे. उपसावं लागेल." पिशवीतून त्यानं एक हिरवट-काळा लगदा काढला. त्यात शेण होतं हे मला वासावरूनच कळलं, बाकी काय होतं देव जाणे. पाणी पाझरत होतं त्या उघड्या कातडीवर त्यानं तो थापला आणि वरून पानं बांधली. "आपोआप गळून पडेपर्यंत सोडायचं नाही," म्हणाला.

मी जीवनदादांना म्हणाले, "दादा, हे काय चाललंय? जखमेवर शेण?"

आत्या माझ्यावर खेकसली, "तुमच्या डॉक्टरांनी काय केलं? कापलंच ना?"

जीवनदादा खाली दुकानात निघून गेले. आणि ताई, जी फडक्याचा वास सोसायची नाही, ती ते बांधून बसली. मी विचारलं, "ताई, तू कसं सोसतेस हे?" ती म्हणाली, "आधीच घाण आहे. घाणीत घाण."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी घरभर वास सुटला. मेलेल्या घुशीसारखा. ताईला हुडहुडी भरली, अंग तापलं. मी कोणाला विचारलं नाही. कात्री घेतली आणि पानं कापली. लगद्याबरोबर कातडीही निघून आली. खाली पू होता, मुंग्या होत्या, आणि कोपरापासून खांद्यापर्यंत सगळं लालभडक, शेगडीसारखं गरम. आत्या तिथंच होती. तिनं उखर्डूला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "चांगलं आहे. जहर निघतंय." मी फोन घेऊन बंद केला. माझे हात त्या घाणीनं भरले होते, त्या फोनलाही ती लागली. आत्या म्हणाली, "शी, माझा मोबाइल!" तिला त्या वेळी हेच सुचलं.

आम्ही ताईला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, सलाइन लावलं, इंजेक्शनं सुरू केली. त्या एकट्याच अशा निघाल्या की ज्यांनी नाक मुरडलं नाही. तोंडावर मास्क होता, पण डोळे दिसतात. ताप उतरल्यावर त्या म्हणाल्या, "इसका इलाज होता है. आपको किसी ने बताया नहीं?" आणि इंदूरच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं नाव दिलं.

इंदूरला मी आणि जीवनदादा तिला घेऊन गेलो. डॉक्टर मराठी होते, हर्षल त्यांचं नाव. त्यांनी ताईचा हात दोन्ही हातांत घेतला, दाबून पाहिला, बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या. ताई मान वळवून बसली होती.

"सुमनताई, हे विष नाही आणि घाणही नाही," ते म्हणाले. "रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी रोजच बाहेर झिरपतं. ते परत नेणाऱ्या बारीक नळ्या काखेतून जातात. कॅन्सरच्या वेळी काखेतल्या गाठी काढल्या, शेक दिला, तो रस्ता बंद झाला. पाणी हातातच तुंबलं. पाणी तुंबलं की कातडी जाड होते, जंतू लवकर धरतात."

"हे आम्हाला ऑपरेशनच्या वेळी कोणी का नाही सांगितलं?" जीवनदादांनी विचारलं.

"सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

लगेच ऑपरेशन होणार नव्हतं. आधी जंतुसंसर्ग पूर्ण जायला हवा होता, मग काही महिने घट्ट थरांच्या पट्ट्या, व्यायाम, आणि तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलेली हलकी मालीश. पण जळजळ इतकी होती की ताईला पट्टी सोसवेना. म्हणून डॉक्टरांनी मानेत इंजेक्शन द्यायचं ठरवलं. मानेच्या खालच्या भागात नसांचा एक गुच्छ असतो, हाताच्या रक्तवाहिन्या आणि दुखणं यांवर त्याचा ताबा असतो, तो काही तासांसाठी बधिर करायचा. डॉक्टरांनी आधीच बजावलं, "दुखण्यावर बऱ्याचदा फरक पडतो. सुजेवर सगळ्यांना पडतोच असं नाही. खोटी आशा देत नाही."

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत त्यांनी सुई घातली. मी दाराबाहेर होते. तिला बाहेर आणलं तेव्हा मी दचकलेच. उजवी पापणी अर्धी खाली आलेली, डोळा लाल, नाक चोंदलेलं. तिनं माझ्या मोबाइलमध्ये तोंड पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "घ्या. आता थोबाडही गेलं."

"शाम तक उतर जाएगा," नर्स म्हणाली. "इसका मतलब दवा सही जगह लगी है."

मग ताईनं डाव्या हातानं उजव्या पंजाला हात लावला. "रश्मी, गरम झालाय," ती म्हणाली. "आणि जळत नाहीये." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं तो हात आपणहून मांडीवर घेतला. परतीच्या प्रवासात ती खंडव्यापर्यंत झोपली, तोंड उघडं टाकून. एरवी तिला तसं झोपणाऱ्या माणसांची किळस येते.

अशी इंजेक्शनं पुढेही काही घेतली. दुखणं परत यायचं, पण दर वेळी थोडं कमी होऊन. पट्ट्या बांधता आल्या. हात काहीसा उतरला. मग ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या वेळी त्यांनी खांद्यापाशी इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला होता, ताई जागी होती. नंतर ती मला सांगायची, "बाजूला टेबलावर माझा हात पडलेला होता आणि मला तो जाणवत नव्हता. जणू तिथं ठेवलेली कोणाची तरी वस्तू." आधी बोटांच्या बेचक्यांत दोन रंग टोचले, एक कॅमेऱ्यात चमकणारा, एक निळा. अंधार करून कॅमेऱ्यात पाहिलं, तर चांगल्या नळ्या चमकत्या रेषांसारख्या दिसतात म्हणे. तिच्या हातात मनगटाच्या वर नुसतं धुकं होतं. त्या धुक्यात जिथं जिवंत रेषा सापडल्या, तिथं त्यांनी लहान छेद घेतले आणि दुर्बिणीखाली त्या नळ्या शेजारच्या बारीक शिरांना शिवून टाकल्या, म्हणजे तुंबलेलं पाणी सरळ रक्तात जाईल. दोरा केसापेक्षा बारीक. कित्येक तास लागले.

दुसऱ्या दिवशी तिला हिरवी लघवी झाली. तिनं मला संडासातून हाक मारली. "रश्मी, हे बघ! आता हेच राहिलं होतं!" तिचा चेहरा असा झाला होता की मला हसू आवरेना. टोचलेल्या निळ्या रंगानं असं होतं, दोन दिवसांत जातं, असं नर्सनं सांगितलं. ताई म्हणाली, "आधी सांगायचं ना. मी मेले असते किळसेनं."

हात पहिल्यासारखा झाला नाही, हे सांगितलं पाहिजे. डॉक्टरांनीही तसं वचन दिलं नव्हतं. पण वर्षभरात तो बराच उतरला. पाझर थांबला, ताप पुन्हा आला नाही, मनगटाचं हाड दिसू लागलं. रोज घट्ट बाही घालावी लागते. जड काही उचलायचं नाही, कापू-भाजू द्यायचं नाही.

पार्वतीआत्या सगळ्यांना सांगत फिरते की जहर उखर्डू महाराजांनीच उपसलं, डॉक्टरांनी नुसते टाके घातले. बुवाचं काम जोरात चालू आहे. माझा नवरा ललित आणि मी पोलिसांत गेलो होतो. तिथं त्यांनी विचारलं, "जबरदस्ती बांधा था क्या?" जबरदस्ती नव्हती. आम्ही परत आलो.

ताईनं थोडे डबे पुन्हा सुरू केले. कणीक मळायला मशीन घेतलं, पोळ्या मी लाटते. प्रतिभा पहिली आली, तिनं आणखी दोघी-तिघी आणल्या. आणि एका रविवारी चेतन आला. हातात मावा-जिलेबीचा पुडा.

"आंटी, डब्बा फिर से लगा दो ना. होटल का खा-खा के पेट सड़ गया."

ताई दारात उभी होती, हातावर बाही चढवलेली. "फोटो तूने निकाला था ना?" तिनं विचारलं.

"अरे आंटी, वो तो मज़ाक था. सब हँस रहे थे. मैंने तो डिलीट भी कर दिया."

"मुझे हाथ की घिन आती थी," ताई म्हणाली. "मेरे खुद के. उसका इलाज निकला. मुझे तेरी घिन आती है, चेतन. तू जा."

तिनं आवाजही चढवला नव्हता. तो उभाच राहिला, त्याला वाटलं ती गंमत करते आहे. मग त्याचं तोंड उतरलं आणि तो पुडा पायरीवर ठेवून निघून गेला. ताईनं आतून चिमटा आणला, पुड्याची दोरी चिमट्यात धरली आणि खाली नेऊन पुडा कचऱ्याच्या गाडीत टाकला. वर येऊन चिमटा घासला.

मी म्हणाले, "ताई, जिलेबी चांगली होती."

"तू खाल्ली असती?"

मी नाही म्हणाले.

यंदाचा उन्हाळा फार कडक होता. घट्ट बाहीच्या आत हात शिजतो, खाज सुटते, ती चिडते, आदळआपट करते. संध्याकाळी बाही काढली की कूलरसमोर बसते, तेव्हाही त्या हाताकडे प्रेमानं बघते असं नाही. "ध्यान आहे," म्हणते. मालीश एरवी मी करून द्यायचे. परवा मला ताप होता, तर जीवनदादा दुकान बंद करून वर आले, तिच्यासमोर पाटावर बसले आणि म्हणाले, "दे इकडे. मी करतो. इंदूरच्या बाईनं दाखवलं तेव्हा मी बघत होतो."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी हात पुढे केले. तिनं ते उलटसुलट करून बघितले, बोट बोट करून.

"नखांत वार्निश आहे," ती म्हणाली. "घासून या आधी."

ते उठले आणि मोरीकडे गेले. आतून बराच वेळ ब्रशचा आवाज येत राहिला.